लंडनच्या तारखेवर बांधलेला मंडप

शेखलाल तांबोळीनं बावीस वर्षांच्या मंडपाच्या धंद्यात कुणाची तारीख मोडली नाही. त्याच्या स्वतःच्या मुलीच्या लग्नाची मात्र एका वर्षात तीनदा मोडली, आणि तिन्ही वेळा ती लंडनच्या पार्लमेंटनं मोडली.

शिरूरमध्ये सगळ्यांना याची गंमत वाटली. एकट्या जास्मिनला वाटली नाही, कारण लग्न तिचं होतं.

माझं साऊंड सर्व्हिसचं दुकान शेखलालच्या गोडाऊनला चिकटून आहे. मंडप त्याचा, आवाज माझा. माणसं जोखायची सवय मला धंद्यानंच लावली. माइकवर फुंकर मारणारा माणूस भित्रा असतो, टिचकी मारणारा स्वतःला मालक समजत असतो, आणि ‘दोनच शब्द बोलतो’ म्हणणाऱ्यासाठी मी जादाची बॅटरी काढून ठेवतो. शेखलालचा जावई व्हायला निघालेला अलीम मी पहिल्यांदा पाहिला तो दौंडला, २०१८ च्या डिसेंबरात, मंगनीच्या, म्हणजे साखरपुड्याच्या, दिवशी. त्यानं माइक दोन्ही हातांनी धरला. असा माणूस खोटं बोलत नाही, पण खरंही लवकर बोलत नाही. हे मी शेखलालला तेव्हाच सांगितलं होतं. तो म्हणाला, “सुदर्शनराव, तुम्ही वायरी गुंडाळा.”

अलीमचे वडील मेहबूबभाई रेल्वेतून गार्ड म्हणून रिटायर झालेले. दौंडात त्यांना सगळे गार्डसाहेबच म्हणतात. अलीम आधी दौंडाजवळच्या कुरकुंभच्या एका कंपनीत होता, मग शिकायला म्हणून इंग्लंडला गेला आणि तिथंच, लेस्टर नावाच्या गावी, माल साठवून पाठवणाऱ्या कंपनीत चिकटला. जास्मिन शिक्रापूरच्या अलीकडं एका औषध कंपनीच्या लॅबमध्ये कामाला. दिवसभर गोळ्या तपासायच्या, एका मिलिग्रॅमचा फरक निघाला की अख्खी बॅच अडवायची. पोरीच्या सहीशिवाय माल गेटाबाहेर पडत नाही, हे शेखलाल गिऱ्हाइकांना आवर्जून सांगायचा.

मंगनीत गार्डसाहेबांनी सगळं समजावून सांगितलं. “एकोणतीस मार्चला इंग्लंड युरोपातनं बाहेर पडणार. त्याला ब्रेक्झिट म्हणतात. त्याच्यानंतर नवीन कायदे येणार, बायकोला न्यायचं सोपं होणार. तवा निकाह सात एप्रिलला धरू.”

“तारीख पक्की ना?” शेखलालनं विचारलं.

“कायद्यात लिहिलीय. तासासकट. रात्री अकरा वाजता.”

शेखलालला एवढं बस होतं. तासासकट तारीख! आमच्याकडं पत्रिकेत बारा पस्तीसचा मुहूर्त छापतात आणि अक्षता दोन वाजता पडतात. त्यानं त्याच संध्याकाळी डायरीत सात एप्रिलच्या पानावर लाल पेनानं जास्मिनचं नाव लिहिलं.

पुढं फेब्रुवारीत टीव्हीचे चॅनल निवडून घ्यायचा नवा नियम आला. आमच्या गल्लीनं मालिका निवडल्या, क्रिकेट निवडलं. शेखलालनं चार इंग्रजी बातम्यांचे चॅनल निवडले. त्यासाठी त्याच्या बायकोच्या, चांदबीभाभींच्या, दोन मालिका कापल्या गेल्या.

“सासू मेली का जित्ती हाय त्येबी कळंना मला,” भाभी मला येऊन सांगायच्या. “आन् ह्ये बसल्यात गोऱ्यांची भांडणं बघत. एक शब्द कळत न्हाई.”

ते खरं होतं. शेखलालला इंग्रजी येत नव्हतं, पण घड्याळ येत होतं. टीव्हीच्या कोपऱ्यात उलटं मोजणारं एक घड्याळ होतं: इतके दिवस, इतके तास, इतकी मिनिटं. शेखलाल ते दिवसातून चार वेळा बघायचा आणि डायरीशी ताडून घ्यायचा. घड्याळाच्या खाली आठ खिडक्या, आठ खिडक्यांत आठ माणसं, सगळी एकदम बोलणारी. मला ते बघून धंदेवाईक राग यायचा. एकाच माइकवर आठ जण सोडणारा साऊंडवाला मी असतो तर लोकांनी मला स्टेजखाली गाडला असता.

संध्याकाळी जास्मिन कंपनीच्या बसनं आली की पर्स खुंटीला लावायच्या आत शेखलाल तिला टीव्हीपुढं बसवायचा.

“काय म्हणतोय गं त्यो टायवाला?”

जास्मिन ऐकायची. बराच वेळ ऐकायची. मग म्हणायची, “सांगता येत न्हाई म्हणतोय.”

“एवढा येळ बोलला आन् एवढंच?”

“एवढंच, अब्बा. दुसरा म्हणतोय, पहिल्याला काय कळत न्हाई.”

“मग तिसऱ्याला इचार.”

“मी कशी इचारू? टीव्ही हाय त्यो.”

मी माझ्या वहीच्या मागच्या पानांवर एक नोंद ठेवायला लागलो. कोण काय म्हणाला, कुठल्या तारखेला, आणि पुढं काय झालं. मार्चच्या वीस तारखेपर्यंत माझ्याकडं एकतीस जणांची नोंद झाली होती. सतरा जण म्हणाले होते की एकोणतीस म्हणजे एकोणतीसच. नऊ जण म्हणाले होते की काहीही होऊ शकतं. बाकीचे नुसते रागावले होते. बावीस मार्चच्या सकाळी जेव्हा बातमी आली की इंग्लंडला बारा एप्रिलपर्यंत मुदत मिळाली, तेव्हा सतराचे सतरा जण पुन्हा खिडक्यांत हजर होते आणि हे असंच होणार होतं म्हणून सांगत होते. आमच्या धंद्यात एकदा मंडप पडला की माणसाला पुन्हा कुणी बोलवत नाही. यांना रोज बोलवत होते.

गार्डसाहेबांचा फोन आला. त्यांचा आवाज अजून स्टेशनवरचाच आहे. “पंधरा दिवस लेट. सात एप्रिल कॅन्सल, एकवीस एप्रिल. बारा तारीख आता शेवटची.”

शेखलालनं आयुष्यात पहिल्यांदा डायरीतलं लाल नाव खोडलं आणि दुसऱ्या पानावर लिहिलं.

आणि इथं त्यानं ती चूक केली, जी मंडपवाल्याशिवाय कुणी करणार नाही. त्याचा एक ठाम समज होता, बावीस वर्षांत बनलेला: मंडप उभा राहिला की तारीख हलत नाही. हुंड्यावरून, मानपानावरून, गाडीवरून भांडलेले व्याही मंडपाचे पाइप रोवलेले बघून गप्प बसतात, हे त्यानं डोळ्यांनी पाहिलं होतं. दहा एप्रिलला त्याच्याकडं दोन कामांच्या मधला मोकळा दिवस होता. त्यानं पोरं बोलावली आणि जास्मिनचा मंडप अकरा दिवस आधीच मैदानात उभा केला. हिरवी-सोनेरी झालर, जी तो कुणाच्याही लग्नात लावत नव्हता, ती लावली. मागं कमान. स्टेजवर नवरीच्या जागी मखमलीची खुर्ची.

“आता बघू कशी हलवतेत,” तो म्हणाला. पाहत होता माझ्याकडं, पण बोलत होता लंडनला.

अकरा एप्रिलच्या सकाळी आठ वाजता शेखलाल ब्रश तोंडात घेऊनच माझ्या दारात आला. “सुदर्शनराव, टीव्ही लावा. आमचा बिघडलाय वाटतं. एकतीस ऑक्टोबर दाखवतोय.”

टीव्ही बिघडला नव्हता. थोड्या वेळात गार्डसाहेबांचा फोन. “सहा महिने लेट. मध्ये रमजान येतोय, पावसाळा येतोय. नोव्हेंबरच्या चोवीसला धरू.”

मंडप तसाच उभा. लोकसभेचं इलेक्शन तोंडावर आलेलं. दुपारी एका पक्षाची पोरं मोटारसायकलवर आली. “चाचा, मंडप उभाच हाय, उद्या साहेबांची सभा हाय. दोन तास द्या.” शेखलालनं नुसती मान हलवली. मला आतून वाटत होतं की नाही म्हणावं, पण साऊंड माझाच लागणार होता.

सभा सुरू असताना शिक्रापूरची कंपनी बस थांबली. जास्मिन उतरली आणि तिनं आपला मंडप पाहिला. कमानीवर उमेदवाराचा फ्लेक्स, मखमलीच्या खुर्चीवर तालुकाध्यक्ष, आणि माइकवर एक जण स्थिर सरकार म्हणजे काय ते सांगत होता. ती शेवटच्या रांगेमागं उभी राहिली. एका कार्यकर्त्यानं तिच्या हातात पाण्याची बाटली दिली, दुसऱ्यानं तिला बसायला जागा करून दिली. आपल्याच मंडपात तिला पाहुणी म्हणून बसवत होते. ती बसली नाही. माझ्या टेबलाशी आली.

“मामा, आवाज जरा कमी करा.”

“का गं?”

“माझ्या मंडपात चाललंय म्हणून.”

मी केला. भाषण करणाऱ्याला कळलंही नाही.

पुढचे सहा महिने चांदबीभाभींनी सोसले. मंगनी झालेल्या मुलीला मुलाकडून ईदी येते: कपडे, बांगड्या, शेवया, सुका मेवा. रमजानच्या ईदला दौंडहून आली, बकरी ईदलाही आली. गल्लीतल्या बायका ते बघायला येत आणि जाताना दारात हळूच विचारत, “निकाह कवा म्हणायचा मग?” भाभी म्हणायच्या, “लंडनमधी बैठक चालू हाय.” सिंधूबाई शिंपीण शेवटी कंटाळून म्हणाली, “अगं, त्या बैठकीला तुझ्या मालकाला तरी पाठव. सतरंज्या टाकून येईल.”

जास्मिनचं निराळंच चाललं होतं. कुरकुंभला तिच्या कंपनीची नवी लॅब होत होती आणि तिथली शिफ्ट तिच्या हातात द्यायचं मॅनेजर विनोद सरांच्या मनात होतं. मार्चमध्ये विचारलं तर ती म्हणाली, एप्रिलमध्ये सांगते. जूनमध्ये विचारलं तर म्हणाली, ऑक्टोबरनंतर सांगते. इंग्लंडला जायचं असेल तर नवी लॅब घेऊन काय करणार? आणि जायचं नसेल तर ती जागा सोडून काय करणार?

“मॅडम,” विनोद सर म्हणाले, “तुमचं लग्न हाय का पोटनिवडणूक? पाच नोव्हेंबरला मला हो का नाही पाहिजे. त्याच्यापुढं मी दुसऱ्याला विचारणार.”

असं होतं ते. लंडन काही सांगेना म्हणून लेस्टर काही सांगेना, लेस्टर सांगेना म्हणून दौंड सांगेना, दौंडामुळं शिरूर गप्प, आणि शिरूरमुळं कुरकुंभची लॅब कुलूपबंद.

ऑक्टोबरात आमच्याकडं विधानसभेचा निकाल लागला आणि सरकार कुणाचं ते कुणालाच कळेना. शेखलालचा रिमोट आता दोन्हीकडं पळायला लागला. एक मिनिट मुंबई, एक मिनिट लंडन. इकडं कोण कुणाला भेटला, तिकडं कोण कुणावर चिडला. हॉटेलबाहेर उभा राहून एक पोरगा तासभर सांगत होता की आत काय चाललंय ते कळायला मार्ग नाही. उलट चांदबीभाभींचं बरं झालं. त्या मुंबईच्या बातम्या बघायला लागल्या. “ह्यात भाषा तरी कळती,” म्हणाल्या. “आन् रुसवेफुगवे माझ्या मालिकेवानीच हायेत.”

ऑक्टोबरच्या अठ्ठावीसला, दिवाळीच्या पाडव्याला, लंडनची तारीख पुन्हा हलली. एकतीस जानेवारी. गार्डसाहेबांचा फोन वेळेवर आला. “फेब्रुवारीत घेऊ.”

शेखलाल “बरं” म्हणाला, फोन ठेवला आणि गोडाऊनमध्ये आला. मी तिथंच होतो. कोरेगाव भीमाचे एक फूलवाले दोन दिवसांपासून चोवीस नोव्हेंबर मागत होते, बसलेच होते समोर. शेखलालनं डायरी उघडली, पेनाचं टोपण काढलं. जास्मिन मागून आली आणि तिनं पानावर हात ठेवला.

“अब्बा, ही तारीख माझ्या नावावर हाय. मी सांगितल्याबिगर खोडायची न्हाई.”

“अगं, पर त्यांचा फोन आला.”

“त्यांचा आला. माझा कुठं आलाय?”

फूलवाले उठून उभे राहिले. बापलेकीत काही चाललंय हे चाणाक्ष गिऱ्हाइकाला लगेच कळतं. ते गेल्यावर जास्मिननं मोबाईल काढला. आठवडाभर जेवणाच्या सुट्टीत ती इंग्लंडच्या सरकारचीच पानं वाचत होती, टीव्ही सोडून.

“हे बघा. ब्रेक्झिट हाय युरोपातल्या लोकांसाठी. भारतातनं गेलेल्या माणसाच्या बायकोचा नियम येगळा. तो एकोणतीस मार्चला न्हाई बदलला, एकतीस ऑक्टोबरला न्हाई बदलला आन् एकतीस जानेवारीला बदलणार असं कुठंबी लिहिलेलं न्हाई. आपण युरोपात कवाच न्हवतो, अब्बा.”

शेखलालनं चष्मा लावला, काढला. “मग हे टीव्हीवाल्यांनी का न्हाई सांगितलं? वर्ष झालं बघतोय मी.”

“त्यांनी जास्मिन तांबोळीची बातमी लावली न्हवती.”

“म्हंजी अलीम खोटं बोलला?”

“तेच बघायचंय. रैवारी दौंडला जाऊ.”

चांदबीभाभी हे ऐकून भांडी तशीच टाकून आल्या. “तारीख मागायला पोरीकडची मानसं जात न्हाईत. आन् पोरगी सोता? निकाहाआधी सासरच्या उंबऱ्यात? लोकं काय म्हणतील?”

“मागायला न्हाई जात, अम्मी. सांगायला जातोय.”

तीन नोव्हेंबरला माझ्या ओम्नीतले स्पीकर उतरवून मी त्या तिघांना बसवलं. न्हावऱ्यावरून, भीमेचा पूल ओलांडून दौंड. वाटेत शेखलाल तीनदा म्हणाला की आपण फक्त खुशाली विचारायला चाललोय. जास्मिननं तिन्ही वेळा “व्हय” म्हटलं, आणि माझी खात्री पटली की आज काहीतरी होणार.

गार्डसाहेबांच्या घरी तोच इंग्रजी चॅनल चालू होता. त्याच आठ खिडक्या. राबियाभाभी, अलीमची आई, चहा घेऊन आल्या आणि दाराच्या चौकटीला टेकून उभ्या राहिल्या. गार्डसाहेबांनी घसा साफ केला.

“असं हाय तांबोळीभाई, की वरून सिग्नल मिळत न्हाई. आपल्या हातात काय हाय? गैरसोय झाली, मला मान्य हाय. पर फेब्रुवारी एकदम पक्का.”

“चाचा,” जास्मिन म्हणाली, “अलीमला व्हिडिओ कॉल लावता? तिकडं आठ वाजले असतील सकाळचे.”

गार्डसाहेबांनी शेखलालकडं पाहिलं. शेखलालनं माझ्याकडं पाहिलं. मी चहाकडं पाहिलं. राबियाभाभींनी फोन लावला.

अलीम कानटोपी घालून पांघरुणात बसला होता. इतकी माणसं बघून तो सरळ बसला आणि त्यानं फोन दोन्ही हातांनी धरला.

“एकच विचारते,” जास्मिन म्हणाली. “समज, एकतीस जानेवारीला ब्रेक्झिट झालं. एक फेब्रुवारीला तुझ्यात काय बदल होणार?”

“ते... कायदे येणार ना नवीन...”

“कायदा मी वाचलाय. पान पाठवू?”

अलीमनं कानटोपी कानांवर ओढली. खोलीत टीव्हीवरचे आठ जण तेवढे बोलत होते.

“अलीम, मी गोळ्या तपासते. गोळीत काय हाय ते मला सांगावं लागतं, न्हाई तर काय म्हायती न्हाई ते तरी लिहावं लागतं. कोरी जागा चालत न्हाई. तू मला वर्षभर कोरी जागा दिलीस.”

मग तो बोलला. हळू, पण एका दमात. त्याची कंपनी अर्धा माल युरोपात पाठवते. ब्रेक्झिट झालं तर अर्धं काम हॉलंडला हलवायचं म्हणतात. कोण राहणार, कोण जाणार, ते ब्रेक्झिट झाल्यावर सांगणार. गेल्या डिसेंबरपासनं हेच सांगतायत. दर महिन्याला एक मीटिंग होते आणि मीटिंगमध्ये ठरतं की पुढच्या महिन्यात मीटिंग घेऊ. नोकरी गेली की तिथं राहायचा परवानाही गेला.

“मलाच म्हायती न्हाई काय होणार,” अलीम म्हणाला. “तुला काय सांगू?”

“हेच सांगायचं.”

“लाज वाटत होती. अब्बांनी अख्ख्या दौंडला सांगितलंय की सून लंडनला जाणार.”

गार्डसाहेबांनी रिमोट शोधला आणि टीव्ही बंद केला. ते बटण त्यांना लवकर सापडलं नाही. बाहेर कुणीतरी पिशवीत कोळसे भरत होतं, ते आता ऐकू आलं.

मला वाटलं आता पोरगी रडेल, किंवा उठेल. माझा अंदाज चुकला. तिचा चेहरा पहिल्यांदा मोकळा झाला. बॅच का अडली होती ते तिला सापडलं होतं.

“मग आता ऐक,” ती म्हणाली. “रजा किती मिळंल?”

“दहा-बारा दिवस.”

“निकाह चोवीसला. ह्याच चोवीसला. परवा मी कुरकुंभच्या लॅबला हो म्हणणार हाय. निकाहानंतर मी इथं ऱ्हाईन, दौंडात. तुझी कंपनी टिकली तर तवा दोघं बसून ठरवू, कुणी कुठं जायचं. न्हाई टिकली तर तू इकडं ये, तुला कुरकुंभचं काम म्हायती हाय. आन् ह्यातलं काय जमत नसंल तर न्हाई म्हण. त्येबी चालंल. पण आज म्हण.”

“पोरी,” गार्डसाहेब म्हणाले, “तारीख द्यायची असती पोराकडच्यांनी. रिवाज हाय त्यो.”

राबियाभाभी इतका वेळ चौकटीला टेकून होत्या. त्या म्हणाल्या, “वर्षभर तुम्हीच दिल्या की. चार दिल्या.” बस, एवढंच. मग चांदबीभाभींकडं वळून म्हणाल्या, “आपा, वलीम्याचं जेवण सव्वीसला आमच्याकडं ठेवू. भटारी माझ्या माहेरचा हाय, त्याला आजच सांगते.”

सगळे फोनकडं बघत होते. अलीमनं कानटोपी काढली. केस उभे राहिले होते त्याचे.

“येतो,” तो म्हणाला.

“तिकिटाचा फोटो पाठव.”

“आजच?”

“आजच. तू काय पार्लमेंट हायस का?”

पहिल्यांदा हसला तो शेखलाल. इतका हसला की त्याला ठसका लागला आणि गार्डसाहेबांनी त्याची पाठ थोपटली. फोटो आम्ही न्हावऱ्याला पोचायच्या आत आला. शेखलालनं गाडी थांबवायला लावली, खाली उतरून फोटो मोठा करून पाहिला, तारीख वाचली, आणि उरलेल्या रस्त्याला मला समजावून सांगत आला की आपली पोरगी अशी का आहे: त्याच्यावर गेलीय म्हणून.

चोवीसच्या आदल्या दिवशी, शनिवारी, हळदीचं वाटण चालू असताना सगळ्यांचे फोन एकदम वाजायला लागले. भल्या सकाळी मुंबईत सरकारचा शपथविधी होऊन गेला होता आणि आदल्या दिवसापर्यंत ज्यांनी आत काय चाललंय ते सांगितलं होतं त्यातल्या कुणालाच पत्ता नव्हता. मंडपाची पोरं पाइप खांद्यावर घेऊन मोबाईलमध्ये बघत उभी. शेखलाल ओरडला, “सरकार बांधायला त्यांची मानसं हायेत. तुम्ही मंडप बांधा.”

निकाहाच्या वेळी काझीसाहेबांनी खुतबा वाचला तेव्हा मागच्या तीन रांगांत माना खालीच होत्या. श्रद्धेनं नव्हे, फोनमध्ये. बातम्यांची कुजबुज स्टेजपर्यंत येत होती. काझीसाहेबांनी अलीमला विचारलं आणि माइक त्याच्यापुढं धरला. मी दोन्ही हातांनी आवाज वाढवला, जितका वाढतो तितका. “कबूल है” असं घुमलं की नदीच्या पलीकडची कुत्री भुंकली आणि मागच्या तिन्ही रांगांनी दचकून वर पाहिलं. तालुक्याच्या पुढाऱ्यांना मी इतका आवाज कधी दिला नाही.

मंगळवारी दौंडला वलीमा. दुपारनंतर पंगत रंगात आली होती, बिर्याणीची दुसरी डेग उघडली होती, आणि पुन्हा सगळ्यांचे फोन वाजले. शनिवारी आलेलं सरकार मंगळवारी गेलं होतं. हळद उतरायच्या आत. लोक ताटावरून उठून घोळक्यानं उभे राहिले. कोण येणार, कोण जाणार, कुणी कुणाला फसवलं. जो तो खिडकीतल्या माणसासारखा बोलायला लागला.

गार्डसाहेब फोन घेऊन थेट जास्मिनकडं आले. सून खुर्चीत बसली होती, शेजारी अलीम. महिन्याभरात त्यांची खात्री झाली होती की काही कळायचं असेल तर ते हिच्याकडून कळेल.

“बेटा, सरकार गेलं. आता काय होणार?”

“मला म्हायती न्हाई, अब्बा.”

“आन् जानेवारीचं? तिकडचं?”

“त्येबी म्हायती न्हाई. अलीमलाबी न्हाई.” अलीमनं मान हलवली, न लाजता. “सोमवारी कुरकुंभला माझी पहिली शिफ्ट हाय, सात वाजता. तेवढं पक्कं हाय.”

गार्डसाहेबांनी फोन खिशात टाकला. मनगटावरचं घड्याळ पाहिलं, कारण हा प्रश्न त्यांना येत होता.

“सातची? मग सहा वीसला निघावं लागंल. स्टँडवर मी सोडीन.”

“सहा पंधराला,” जास्मिन म्हणाली. “पहिला दिवस हाय.”

“सहा पंधरा,” गार्डसाहेब म्हणाले, आणि घोळक्यातल्या लोकांना पुन्हा पंगतीत बसवायला गेले. बिर्याणी गार होत होती.